गांजा, भांग, चरस: खान्देशातल्या पोरापोरींचे आणि त्यांच्या आईबापांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत आणि आश्रमशाळांत या विषयावर बोलायला गेलं, की शेवटी चिठ्ठ्यांचा डबा फिरतो. नाव लिहायचं नाही, एवढीच अट. परत परत येणाऱ्या चिठ्ठ्या आणि पालकांचे फोन यांतून हे प्रश्न निवडले आहेत. अशी उघड उत्तरं दिल्यानं पोरं बिघडतील, असं काही शिक्षकांना वाटतं. पण ज्याला ओढायचंय त्याला पुडी कुठे मिळते हे आपल्या आधी ठाऊक असतं. त्याला जे ठाऊक नसतं, ते इथे आहे.

१. गांजा, भांग आणि चरस हे एकच ना?

झाड एकच. गांजा म्हणजे त्याच्या मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. चरस म्हणजे त्याच झाडाचा चीक, वेगळा काढून घट्ट केलेला. भांग म्हणजे पानं, वाटून दुधात किंवा गोळीत घालतात ती. तिन्हींत नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी. तो पानांत कमी, शेंड्यांत जास्त आणि चरसात सगळ्यात जास्त असतो. कायदाही हाच फरक धरून चालतो, म्हणून तो नीट लक्षात ठेवा. पुढे प्रश्न ९ आणि १० मध्ये तो लागणार आहे.

२. एकदाच ओढला तर काय होतं? मित्र म्हणतात, "काही व्हस नही."

बहुतेकांना एकदा ओढून कायमचं काही होत नाही, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काही मिनिटांत डोकं हलकं होतं, वेळ लांबल्यासारखी वाटते, हसू येतं, भूक लागते, डोळे लाल होतात, छाती धडधडते. दोन-चार तासांत असर उतरतो. काहींना मात्र पहिल्याच वेळी प्रचंड भीती वाटते, आपण मरतोय असं वाटतं. कोणाला काय होईल, हे आधी सांगता येत नाही.

"एकदाच"मधला खरा धोका बहुधा त्या दोन-चार तासांत असतो. अंतर आणि वेग यांचा अंदाज चुकतो आणि आपल्याकडे पोरं परत निघतात ती मोटारसायकलवर, ट्रिपल सीट, महामार्गानं. नशेत गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली येतं: पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ज्यानं ओढलंय त्याच्या मागे बसू नका, किल्ली काढून घ्या.

३. पण भांग तर शंकराचा प्रसाद आहे. नैसर्गिक आहे. मग वाईट कशी?

धोतराही महादेवालाच वाहतात. तो खाल्ला तर माणूस दवाखान्यात जातो. नैसर्गिक असण्याचा आणि निर्धोक असण्याचा संबंध नाही. महाशिवरात्रीला, होळीला भांग पिण्याची रीत जुनी आहे आणि ती पिणारे सगळे व्यसनी नसतात, हेही तितकंच खरं. भांगेची खरी अडचण प्रश्न ८ मध्ये आहे.

४. दारू आणि गुटख्यापेक्षा गांजा बरा ना? दारूनं माणसं मरतात, गांजानं कोण मेलं?

हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा घरात दारू पाहिलेला असतो, म्हणून तो झटकून टाकू नये. नुसत्या गांजाच्या अतिसेवनानं मोठा माणूस दगावणं फार दुर्मीळ आहे. दारूनं लिव्हर जातं, गुटख्यानं जबडा जातो. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा कोणत्या टपरीवर मिळतो, हे तुम्ही मला सांगाल. आकड्यांनी बघितलं तर या भागात दारू आणि तंबाखू गांजापेक्षा कितीतरी जास्त घरं खातात. हे न सांगता फक्त गांजावर भाषण ठोकलं, तर पोरं मनात हसतात आणि त्यांचं बरोबर असतं.

पण "त्यापेक्षा बरा" म्हणजे "चांगला" नव्हे. शिवाय आपल्याकडे गांजा सहसा तंबाखूत मिसळून ओढतात. म्हणजे एकाच झुरक्यात दोन्ही. बऱ्याच पोरांचा गांजा सुटतो आणि बिडी राहते.

५. आमच्या ग्रुपमध्ये सगळेच ओढतात. मीच एकटा मागे आहे का?

तुझ्या ग्रुपमध्ये असतील. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले २.८ टक्के निघाले. भांग वगळून फक्त गांजा-चरस धरला तर १.२ टक्के. ओढणारा पोरगा टेकडीवर रील काढतो, न ओढणारा काढत नाही, म्हणून "सगळेच" वाटतात. नाही म्हणायला मोठं कारण लागत नाही. "मला जमत नाही, चहा पाज" एवढं पुरतं.

६. व्यसन लागतं की नाही? एक सर म्हणाले लागतंच, यूट्यूबवर म्हणतात लागतच नाही.

दोघंही चूक. नेहमी दिला जाणारा अंदाज असा: ओढून पाहणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला व्यसन जडतं, आणि ज्यांनी कुमारवयात सुरुवात केली त्यांच्यात सहात एकाला. रोज ओढणाऱ्यांत प्रमाण याहून बरंच वर जातं.

व्यसन ओळखायचं ते किती ओढतो यावरून कमी आणि त्यापायी काय सुटलं यावरून जास्त. क्लास सुटला, क्रिकेट सुटलं, पैसे उसने घ्यावे लागतात, झोप यायलाही गांजा लागतो, जेवण जायलाही लागतो, बंद करायचं ठरवून होत नाही: यातलं दोन-तीन जुळत असेल तर प्रश्न १६ वाचा. सोडल्यावर चिडचिड, झोप न येणं, भूक मरणं, विचित्र स्वप्नं हे एक-दोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि साधारण दोन आठवड्यांत उतरतं. त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही. "सोडलं की मला वेड लागेल" म्हणून जे ओढत राहतात, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणखी एक विचित्र प्रकार डॉक्टरांनाही पटकन सुचत नाही. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना उलट्यांचे झटके येतात आणि गरम पाण्यानं आंघोळ केली की बरं वाटतं. पित्त, अल्सर समजून सगळ्या तपासण्या होतात, कारण पोरगा गांजाचं सांगत नाही. डॉक्टरला खरं सांगा.

७. गांजानं वेड लागतं हे खरं का? आमच्या गल्लीतला एक जण असाच झाला.

सगळ्यांना लागत नाही. काहींना मात्र लागतं, आणि ते काही कोण हे बरंचसं सांगता येतं. लहान वयात सुरू केलेले, रोज किंवा जवळपास रोज ओढणारे, जास्त कडक माल घेणारे, आणि ज्यांच्या घरात आई-वडील, मामा, काका, भाऊ यांपैकी कुणाला स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार होता असे. शेवटचा मुद्दा लागू असेल तर माझा सल्ला सरळ आहे: तुझ्यासाठी हे नाहीच, एकदाही नाही. तुझा मित्र ओढून ठणठणीत असेल, पण त्याच्या घरात तो आजार नाही.

वयाचं म्हणाल, तर मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. विचार करून थांबणं, बेत आखणं ही कामं करणारा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. त्या काळात नेहमी टीएचसी घेतल्यानं लक्ष आणि स्मरणशक्तीवर परिणाम दिसतो. बारावीच्या वर्षात "गांजा मारून अभ्यास चांगला होतो" असं वाटतं. पेपरात आठवत नाही.

कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, कानात आवाज येणं, रात्र-रात्र जागणं, घरच्यांवर संशय घेणं, अशी लक्षणं दिसली आणि नशा उतरूनही टिकली तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. बाहेरचं लागलं म्हणून भगताकडे फेऱ्या घालण्यात आठवडे जातात. उपचार जितके उशिरा, तितके अवघड.

८. होळीला भांग घेतली आणि मित्र वेड्यासारखं करतोय. काय करू?

ओढलेल्या गांजाचा असर मिनिटांत कळतो. पोटात गेलेली भांग चढायला अर्ध्यापासून दोन तास घेते. पहिल्या पेल्यानं काही झालं नाही म्हणून पोरं दुसरा-तिसरा घेतात आणि मग सगळं एकदम चढतं. सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त राहतं.

त्याला सावलीत, शांत जागी बसवा. डीजेपासून दूर न्या. "हे भांगेमुळे आहे, उतरेल" असं परत परत सांगा. घोट-घोट पाणी द्या. ताक, लिंबू, लोणचं यांनी नशा उतरत नाही, आणि उलटी करायला घशात बोटं तर मुळीच घालू नका. झोप आली तर कुशीवर झोपवा आणि एक जण जवळ बसा. विहिरीवर, तापीवर आंघोळीला नेऊ नका.

हे दिसलं तर १०८ लावा: हाक मारून जागा होत नाही, श्वास मंद किंवा घरघरता, झटके, छातीत दुखणं, किंवा लहान मुलानं चुकून पेढा-बर्फी समजून खाल्लंय. तोंड कोरडं ठाक, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं आणि हवेत काहीतरी वेचतोय असं दिसलं, तर भांगेत धोतरा असण्याची शक्यता आहे. तेव्हा घरी वाट बघू नका. दवाखान्यात काय घेतलं ते स्पष्ट सांगा. डॉक्टरला उपचारासाठी ते कळायला हवं.

९. एक किलोपर्यंत गांजा बाळगायला परवानगी आहे ना?

नाही. या एका गैरसमजापायी पोरं कोर्टाच्या चकरा मारताहेत. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ मध्ये "अल्प प्रमाण" असा शब्द आहे. गांजासाठी ते १ किलोपर्यंत, चरसासाठी १०० ग्रॅमपर्यंत. अल्प म्हणजे शिक्षा कमी, माफ नव्हे. गांजा अल्प प्रमाणात सापडला तर १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ किलोच्या वर आणि २० किलोच्या आत १० वर्षांपर्यंत आणि १ लाखापर्यंत दंड. २० किलोच्या वर, चरस असेल तर १ किलोच्या वर, "व्यावसायिक प्रमाण": किमान १० आणि कमाल २० वर्षं, दंड किमान १ लाख, आणि जामीन जवळपास अशक्य.

नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. कलम २७ प्रमाणे गांजासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खिशात पुडी नव्हती, ओढून झाली होती, ही सबब नाही.

१०. मग भांग तरी कायदेशीर आहे का?

एनडीपीएसच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया येत नाहीत. त्यामुळे उत्तर प्रदेशात, राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं दिसतात. ते पाहून आलेले लोक इथेही चालतं असं समजतात. महाराष्ट्रात भांग दारूबंदी कायदा, १९४९ च्या कक्षेत येते आणि परवान्याशिवाय बाळगणं, विकणं, पिणं गुन्हा ठरतं. सणाला पोलिस डोळेझाक करतात, ही वेगळी गोष्ट. त्यावर भरवसा ठेवू नका.

११. माल मित्राचा होता, बॅग माझी होती. किंवा गाडीवर मी नुसता मागे बसलो होतो. मीपण अडकतो का?

अडकू शकतोस. ज्याच्या ताब्यात सापडलं त्यानं आपल्याला माहीत नव्हतं हे दाखवायचं, असा या कायद्याचा कल आहे. एरवी सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं, इथे ते बरंचसं तुझ्यावर येतं. म्हणून भुसावळ स्टेशनवर "ही बॅग जळगावला आमचा माणूस घेईल" म्हणत हजार-दोन हजार देऊ करणारा भेटला, तर तो काम देत नाहीये, दहा वर्षं देतोय. रूम भाड्यानं घेऊन राहणाऱ्यांनीही ऐका: आपली खोली जाणूनबुजून वापरायला देणं हा कलम २५ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

पोलिसांनी पकडलंच तर हात उगारू नका, पळू नका. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी असा तुमचा हक्क आहे (कलम ५०), आणि तो तुम्हाला सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. बॅगेच्या किंवा गाडीच्या झडतीला हा हक्क लागू होत नाही. बाईची अंगझडती बाईच घेईल. न वाचता सही करू नका. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. "पैसे द्या, मिटवतो" म्हणणारा मध्यस्थ सगळ्यात आधी येतो. त्याला वकिलाचा नंबर द्या.

१२. मी १७ वर्षांचा आहे. मलाही जेल होईल?

१८ च्या आतल्याला लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवता येत नाही. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, नाव-फोटो छापता येत नाही, आणि बहुतेक प्रकरणांत पुढे नोकरी-शिक्षणाला ती नोंद आडवी येऊ नये अशी कायद्यात तरतूद आहे. हे माल विकणाऱ्यांनाही माहीत असतं, म्हणूनच ते पुड्या पोचवायला शाळकरी पोरं धरतात. मुलाला असं वापरणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यालाही (कलम ७७) तेवढाच.

१३. शेत बटाईनं दिलंय. तुरीच्या आत गांजाची झाडं निघाली. आम्ही काय करावं?

हा प्रश्न शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यातून येतो, शहरातून कधीच नाही. तूर, कपाशीच्या ओळींत आडोसा मिळतो. पोलिसांनी शेतं उपटल्याच्या बातम्या दरवर्षी असतात. लागवडीला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि "चार झाडं म्हणजे चालतं" अशी सूट कायद्यात नाही. परसातलं आपोआप उगवलेलं झाडही उपटून टाकलेलं बरं.

जमीनमालकावर वेगळी जबाबदारी आहे: आपल्या जमिनीत बेकायदा लागवड आहे हे कळताच पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्याला लगेच कळवणं (कलम ४६). सरपंच-पंचांवरही कळवण्याची जबाबदारी येते. म्हणून स्वतः उपटून गुपचूप जाळण्यापेक्षा लेखी कळवा आणि पोच घ्या. पकडला जातो तो बहुधा पावऱ्याचा नाहीतर भिल्लाचा पोरगा, राखण करणारा. बियाणं आणि पैसा पुरवणारा शेतात कधी पाऊलही टाकत नाही. बातमीत फोटो मात्र पोराचा येतो, आणि अख्खी जमात गांजावाली ठरते. हे मला खटकतं, म्हणून लिहिलं.

१४. पोलिस भरतीत किंवा कंपनीत लघवीची तपासणी झाली तर किती दिवसांपर्यंत कळतं?

एखाद्या वेळी घेतला असेल तर साधारण तीन-चार दिवस. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभर, कधी त्याहूनही जास्त. टीएचसी चरबीत साठतो. व्हिनेगर, लिंबूपाणी, मेडिकलमधली "डिटॉक्स" पावडर यांचा भरवशाचा उपयोग नाही.

१५. गांजा नको, "गोळी" घेतली तर? तिला वास येत नाही, घरी कळत नाही.

मालेगाव-धुळ्याकडे जिला "कुत्ता गोळी" म्हणतात ती बहुतेक वेळा अल्प्राझोलम, झोपेच्या-चिंतेच्या औषधातली. या पानावरच्या सगळ्या प्रश्नांत मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. ही गोळी दारूवर किंवा कोडीनच्या खोकल्याच्या औषधावर घेतली तर श्वास थांबू शकतो. गांजाबद्दल प्रश्न ४ मध्ये जे म्हटलं, ते हिच्याबद्दल म्हणता येत नाही. आणि रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. आईबापांनो, गोळ्यांचं पाकीट सापडलं म्हणून त्या दिवसापासून कोंडून ठेवू नका.

लहान मुलांचं वेगळंच. प्रश्न ५ मधल्याच सर्वेक्षणात पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर हुंगण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं. तो धूर नसतो, म्हणून शाळेच्या नजरेतून सुटतो.

१६. मदत मागायला गेलो तर डॉक्टर पोलिसांना सांगतील का?

डॉक्टरनं तुमची माहिती गुप्त ठेवायची असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ तसा हक्क देतो. शिवाय एनडीपीएसच्या कलम ६४अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. कायद्यातली ही दारं फार कमी लोकांना माहीत आहेत.

फोन: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मुलांसाठी १०९८. १९३३ हा मानस क्रमांक अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा आहे. तिथे तस्करीची माहितीही देता येते. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत.

खासगी "मुक्ती केंद्रा"त भरती करण्याआधी डॉक्टर कोण, नोंदणी कोणती, हे विचारा. मारहाण, साखळ्या, भेटू न देणं हे उपचार नव्हेत. साखळीनं बांधायला तर २०१७ च्या कायद्याची सरळ मनाई आहे.

१७. मुलाच्या दप्तरात पुडी सापडली. त्याच्या वडिलांना सांगू की नको?

आईचा फोन, आणि तोही कुजबुजत. ताई, त्या रात्री काहीच बोलू नका. राग असताना झालेलं बोलणं तंबी होतं, संवाद होत नाही. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीत आणि तुम्ही शांत असताना विचारा: कधीपासून, किती वेळा, कुणाबरोबर, आणि ओढल्यावर बरं काय वाटतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. "झोप लागते", "घरातली भांडणं ऐकू येत नाहीत" अशी उत्तरं येतात, आणि मग खरं काम कुठे आहे ते दिसतं. पुडी घरात ठेवू नका, फेकून द्या. वडील हात उचलणारे असतील तर आधी मामाला किंवा विश्वासातल्या शिक्षकांना घ्या. नसतील तर लपवू नका. पोराला एका पालकाविरुद्ध दुसरा वापरायची सवय लागते.

१८. आमच्या शाळेत २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, कार्यक्रम आहे. सडलेल्या फुप्फुसांचे फोटो दाखवू का? एखादा सुटलेला व्यसनी बोलवू का?

दोन्ही नको. नुसतं घाबरवणं आणि माजी व्यसनींच्या कहाण्या सांगणं यांनी मुलांचं सेवन कमी होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक मानकांमध्येही म्हटलं आहे. अमेरिकेतला पोलिसांनी शाळांत चालवलेला डेअर कार्यक्रम याचं गाजलेलं उदाहरण: खर्च अफाट, तपासण्या अनेक, फरक नगण्य. "एका झुरक्यात आयुष्य बरबाद" असं सांगितल्यावर पोरगा मित्राला ओढून दुसऱ्या दिवशी कबड्डी खेळताना पाहतो. मग तुम्ही कुत्ता गोळीबद्दल खरं सांगाल तेव्हाही तो ऐकत नाही. प्रभातफेरी काढा हवी तर, पण नंतर दोन तास वर्गात बसा आणि चिठ्ठ्या घ्या.

१९. कॅनडा, जर्मनीत चालतो. आपल्याकडे का नाही? आणि चालावा का?

उरुग्वेनं २०१३ मध्ये कायदा केला, कॅनडानं २०१८ मध्ये विक्री खुली केली, जर्मनीनं २०२४ मध्ये मोठ्यांना मर्यादित बाळगायला आणि लावायला परवानगी दिली. पोर्तुगालनं २००१ मध्ये सेवनाला फौजदारी गुन्ह्यातून काढलं, विक्रीला नाही. थायलंडनं २०२२ मध्ये दारं उघडली आणि २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणली. कॅनडा आणि जर्मनीत १८ च्या आतल्याला परवानगी नाही, हे रीलमध्ये सांगत नाहीत.

आपल्याकडे इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या आयोगानं शेकडो साक्षी घेऊन सांगितलं होतं की बेताच्या सेवनानं फारसं नुकसान होत नाही, बंदीपेक्षा नियंत्रण बरं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर देश बंदीकडे वळला आणि १९८५ मध्ये सध्याचा कायदा आला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या ठरावावर २७ विरुद्ध २५ मतं पडली. भारताचं मत बाजूनं होतं. आपला कायदा त्यानं बदलला नाही.

माझं मत विचाराल तर सेवन करणाऱ्या पोराला कोर्टात नव्हे, दवाखान्यात पाठवावं आणि विक्रीवर कडक राहावं. पण ते मत आहे. उद्या नाक्यावर गाडी अडवली तर प्रश्न ९ लागू होतो.

२०. जिमवाला "हेम्प प्रोटीन" घ्यायला सांगतो. ऑनलाइन "विजया" तेलही मिळतं. पकडतील का?

हेम्प म्हणजे गांजाचंच झाड. त्याच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) २०२१ मध्ये अन्न म्हणून मान्यता दिली आणि टीएचसीची मर्यादा घालून दिली. उत्तराखंडात या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते. त्यानं नशा होत नाही. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाकिटावर बघा. "विजया" तेल हे पानांपासून केलेलं आयुर्वेदिक औषध आहे, विषारी द्रव्यांच्या यादीतलं, म्हणून वैद्याच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. चिठ्ठी आणि बिल सोबत ठेवा. त्यात टीएचसी असू शकतो, त्यामुळे भरतीची तपासणी तोंडावर असेल तर घेऊ नका. आणि कुंडीत लावायला म्हणून कुणी बिया विकत असेल तर प्रश्न १३.